थोरलीचा परवाना

मी लग्न होऊन उंद्रीला आले तेव्हा घरात माझ्याआधीच एक थोरली होती. समोरच्या खोलीत, दाराच्या वर, दोन लाकडी खुंट्यांवर ती आडवी पडलेली असायची. मामाजी, म्हणजे माझे सासरे, रोज अंघोळ झाली की तिच्याकडे एकदा बघत आणि मगच चहाला बसत. ती बंदूक होती. तोड्याची, म्हणजे पेटत्या दोरीनं बार काढायची, मामाजींच्या आजोबांच्याही आधीची. घरात तिला सगळे थोरलीच म्हणत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे सासुरवास करायला ती एकटीच उरली होती, आणि तिनं तो मनापासून केला.

तिला पुसायचं तर ओल्या फडक्यानं नाही आणि कोरड्यानंही नाही, तेलाच्या बोळ्यानं. तिच्याखाली चप्पल ठेवायची नाही. पाहुण्यांना आधी ती दाखवायची, मग पाणी विचारायचं. माझे वडील बुलढाण्याला कचेरीत कारकून. आमच्या घरात सगळ्यात भयंकर हत्यार म्हणजे विळी. त्यामुळे मला हे सगळं थेरच वाटायचं, आणि मी ते फारसं लपवतही नसे.

मामाजींना जुन्या हत्यारांचा नादच होता. थोरलीच्या खाली आणखी दोन बंदुका टांगलेल्या होत्या. एक त्यांनी भंगारवाल्याच्या गाडीवरून उचलून आणलेली, दुसरी रोहिणखेडच्या एका जुन्या घरातून मागून आणलेली. दोन्हींचे चाप तुटलेले, नळ्या गंजून बुजलेल्या. त्या दोघींबद्दल पोलिसांनी कधी ब्रही काढला नाही. हत्यार जुनं असेल आणि दुरुस्त करूनही चालणार नसेल तर त्याला परवाना लागत नाही, असा कायदाच आहे. थोरली मात्र चालती होती. मामाजींनी तिला तेलपाणी करून इतकी धडधाकट ठेवली होती, म्हणूनच तिच्यामागे परवान्याचं लचांड होतं. जिच्याकडे कोणी बघितलं नाही त्या सुखात, आणि जिची काळजी घेतली तिला दर थोड्या वर्षांनी कचेरीची वारी. मी एकदा हे बोलून दाखवलं तर मामाजी म्हणाले, माणसाचंही तसंच असते बाई.

परवाना कसला, तर पीक संरक्षणाचा. कायदा दिल्लीचा, परवाना जिल्ह्याचा, आणि राज्यात निवडणूक लागली की हत्यारं ठाण्यात आणून जमा करा असा हुकूम यायचा तो आणखी वेगळा. या तिघांत मामाजी आयुष्यभर पळत राहिले. नूतनीकरणाच्या वेळी तलाठ्याकडून शेतात कोणतं पीक आहे ते लिहून आणावं लागे, कारण पीकच नसेल तर संरक्षण कशाचं करणार?

आणि तेव्हा तर शिवारात बीटी कापूसच कापूस झाला होता. सुरुवातीच्या वर्षांत बोंडं लगडली, लोकांनी गाड्या घेतल्या, मग पाऊस दगा देऊ लागला, पानांवर लाल्या रोग आला, आणि पाकिटावरचं चित्र पाकिटावरच राहिलं. आमचंही बहुतेक शेत मामाजींनी मक्त्यानं देऊन टाकलं होतं. एक तुकडा तेवढा त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि त्यात ते दरवर्षी ज्वारी पेरत. आजूबाजूला सगळी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि मध्ये आमची ज्वारी. साहजिकच सगळ्या रानातली डुकरं आमच्याकडे जेवायला. नवऱ्यानं एकदा वैतागून विचारलं की बाबा, आपण ज्वारी पेरतो तरी कशासाठी? मामाजी शांतपणे म्हणाले, डुकरं आली पाहिजेत म्हणून. डुकरं आली तर परवाना राहील, परवाना राहिला तर थोरली राहील. डुकरांना आवतण देऊन ज्वारी पेरणारा शेतकरी मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी हे हसण्यावारी नेत होते, पण मला त्या बंदुकीची भीतीही वाटायची. त्या वर्षांत गावोगावच्या बायका फवारणीचं औषध पेटीत घालून कुलूप लावायच्या आणि किल्ली कमरेला खोचायच्या. कशासाठी ते कोणी बोलत नसे. मीही लावत होते. पण औषधाला कुलूप लावून काय उपयोग, डोक्यावर बंदूक टांगलेली. मामाजी तसे माणूस नव्हते, हे मला माहीत होतं. तरी ते संध्याकाळी ओसरीवर गप्प बसले की माझं लक्ष दाराच्या वर जायचं. निवडणूक लागली आणि थोरली ठाण्यात गेली की मला सुटल्यासारखं वाटे. मी तर म्हणे, निवडणुका दरवर्षी व्हाव्यात.

आता त्या घरातली एक रीत सांगते. नवरात्रात घट बसले की मामाजी थोरलीत दारू ठासून ठेवत. नऊ दिवस ती भरलेली असे. खंडेनवमीला तिची पूजा, आणि दसऱ्याला सीमोल्लंघनाला गेलं की शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आभाळाकडे एक बार. कागदोपत्री तो बार डुकरांसाठी. मी नवी असताना विचारलं होतं की पूजा झाल्यावर भरली तर नाही का चालत? तेव्हा मामाजी म्हणाले होते, "रिकामं हत्यार पुजत नसतात बाई. आपण कोनाले रिकामं सूप देतो का?" देत नाही, हे खरं होतं. शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही. मी तेलाचा बोळा आणून दिला.

त्या साली विधानसभेची निवडणूक नेमकी नवरात्राच्या आसपास आली. आजवर कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्याच्या तोंडी, अशी ती ठाण्यात जाऊन आली होती. घट बसलेले असताना जायची वेळ पहिल्यांदाच. मामाजी तेव्हा घट बसवून डोणगावला माझ्या नणंदेकडे गेले होते, तिचं ऑपरेशन होतं. इकडे पोलीस पाटील सांगून गेले की परवान्याची हत्यारं लगेच जमा करा, यंदा कडक आहे. आमच्या यांनी डोणगावला फोन लावला. मामाजी दवाखान्याच्या गडबडीत होते. चादरीत गुंडाळून ने आणि पावती घे, एवढंच म्हणाले.

आमच्या यांना बंदुकीचं वावडं. शाळेत मास्तर, खडूची धूळ सोडली तर कोणत्याही दारूगोळ्याशी संबंध नाही. यांनी मान वळवून थोरलीला चादरीत गुंडाळलं, गाडीवर आडवी धरून ठाण्यात नेऊन दिली आणि पावती आणून माझ्या हातात ठेवली. मी ती डब्यात टाकली आणि खुंट्यांवरचा झेंडूचा हार तसाच राहू दिला. त्या रात्री मला छान झोप लागली, हे खोटं कशाला बोलू.

खंडेनवमीला सकाळच्या एसटीनं मामाजी परत आले. पाय धुतले, आत आले आणि सवयीनं वर बघितलं. नुसत्या खुंट्या आणि हार. थोरली ठाण्यात आहे हे त्यांना ठाऊक होतंच, पण बघून जे आठवायचं ते तेव्हा आठवलं. ते तिथल्या तिथे खाली बसले. मला वाटलं प्रवासानं चक्कर आली. मी पाणी घेऊन धावले तर त्यांनी तांब्या नुसताच हातात धरला.

"थोरली भरेल होती," ते म्हणाले. ठाण्यात ती नेहमी रिकामीच जाई, त्यामुळे नवरात्रातली रीत आमच्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

हे दाढी करत होते, तसेच अर्ध्या फेसानं बाहेर आले. ठाण्यात आज काय असतं हे तिघांनाही माहीत होतं. खंडेनवमीला ठाण्यातही शस्त्रपूजा होते. सगळी हत्यारं टेबलावर मांडतात, जमा झालेलीही. आणि थोरली सगळ्यात जुनी म्हणून तिला मधोमध ठेवत असणार. या बंदुकीला चापाची गरजही नसते. नळीच्या बुडाला बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात, त्या कानात ठिणगी पडली की झालं. पूजेत निरांजन असतं, धूप असतो, उदबत्त्या असतात. समोर पोलीस आणि त्यांची बायकापोरं उभी असतात.

हे म्हणाले, फोन करतो. लावला. पलीकडून कोणीतरी उचलला. यांनी विचारलं की साहेब, पूजा किती वाजता आहे? आता सुरूच होत आहे म्हणून सांगितलं गेलं. यांनी आभार मानून फोन ठेवला. मी कपाळावर हात मारून घेतला. यांचं म्हणणं असं की फोनवर भरलेली बंदूक जमा केली म्हणून सांगितलं तर तो गुन्हाच कबूल केल्यासारखा. बाबांवर हत्याराच्या कायद्याखाली केस होईल, या वयात कोर्टात उभं राहावं लागेल, परवाना जाईल आणि थोरली सरकारजमा होऊन वितळेल. घरात आजवर तिच्यापुढे किती उदबत्त्या लावल्या असतील, कधी काही झालं का? आजचा दिवस निघाला तर पुढचं पुढे बघू.

मामाजी खाली बघत होते. परवान्यासाठी डुकरांना ज्वारी घालणारा माणूस, त्याच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या पूजेतली पोरं आली आणि माझा तोल गेला. रागावले की माझ्या तोंडून माहेरची बोली निघते.

"तुमच्या परवान्यापायी कोनाचं लेकरू मराले पाह्यजे का?" मी म्हटलं. "उठा."

दोघेही उठले. एका गाडीवर आम्ही तिघं, पुढे हे, मध्ये मामाजी, मागे मी एका अंगानं बसलेली. गुन्हा टाळायला निघालो आणि ट्रिपल सीट थेट पोलीस ठाण्यात. रस्ताभर कापसाची शेतं. वेचणी नुकतीच लागलेली, बायका ओटीत कापूस भरत होत्या, आणि मी मनात एकच घोकत होते की आवाज येऊ नये, लांबून बार झाल्याचा आवाज येऊ नये.

आवाज आला नाही. ठाण्याच्या अंगणात मांडव घातला होता. टेबलावर लाल कापड, त्यावर बंदुका, काठ्या, बेड्यासुद्धा, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडू. आणि मधोमध आमची थोरली आडवी, नळीचं तोंड बरोबर शिपायांच्या बायका उभ्या होत्या त्या बाजूला. तिच्या दस्त्याशी एक केळं ठेवलं होतं आणि त्या केळ्यात उदबत्त्यांचा जुडगा खोचलेला. केळं पिकून मऊ झालेलं, उदबत्त्या कललेल्या. त्यांची राख थोरलीच्या कानापासून वीतभर अंतरावर पडत होती. ठाणेदार साहेबांची पत्नी आरतीचं ताट घेऊन पुढे येत होती.

मामाजी गर्दीच्या मागेच अडकले. हे तर फाटकापाशीच गाडी धरून उभे होते. मी चपला काढल्या, गर्दीतून सरळ पुढे गेले, टेबलावरचा पाण्याचा कलश उचलला आणि थोरलीच्या कानात धार धरली. मग नळी उचलून तिच्या तोंडात ओतलं. मग केळं उदबत्त्यांसकट उचलून लांब ठेवलं. कोणीतरी हवालदार म्हणाले, अहो बाई, गंजेल ना ती. मी म्हटलं, आमच्याकडे न्हाऊ घातल्याशिवाय कुंकू लावत नाहीत. इतकं बिनदिक्कत खोटं मी त्याआधी बोलले नव्हते. साहेबांच्या पत्नीला ते पटलं, तिनं मान डोलावली आणि नंतर सगळ्याच बंदुकांवर थोडं थोडं पाणी शिंपडलं.

आरती झाली. पेढे वाटले. मीही एक पेढा घेतला. काम झालं होतं, दारू भिजली होती, कोणाला काही कळलं नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं आणि घरी जावं, असं मी यांना खुणेनं सांगत होते. तेवढ्यात मामाजी ठाणेदारांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, थे बंदूक भरेल होती," ते म्हणाले. "माह्या हातची चूक हाय. पोराच्या ध्यानात नव्हतं."

ठाणेदार साताऱ्याकडचे, नवीनच आलेले. त्यांनी आधी मामाजींकडे, मग माझ्याकडे, मग टेबलाखाली साचलेल्या पाण्याकडे बघितलं. मग पेढ्याचं ताट बाजूला ठेवून आम्हाला आत बोलावलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं, कधी भरली, का भरली, दसऱ्याला काय करता. मामाजींनी काही लपवलं नाही, धुऱ्यावरचा बारही सांगितला. साहेबांची पत्नी आणि मुलगी त्याच मांडवात उभ्या होत्या, त्यामुळे ते रागावले असते तर मी त्यांना बोल लावला नसता. ते आवाज न चढवता बोलले, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"काका, तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं," ते शेवटी म्हणाले.

"हाव," मामाजी म्हणाले. "पन मले कळलं असतं नं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी आम्हाला सरळ सांगितलं. जीव गेला नाही, तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, म्हणून मी आज समज देऊन सोडतो. पण ही बंदूक चालती राहिली तर पुढच्या नवरात्रात तुम्ही ती पुन्हा भरणार, हे मला दिसतंय. तेव्हा हत्यार ठेवायचं की पूर्वजांची आठवण, ते ठरवा. आठवण ठेवायची असेल तर परवाना परत करा आणि रीतसर अर्ज करून ती कायमची निकामी करून घ्या. मग ती जुनी वस्तू. मग कोणत्याही निवडणुकीला तिला घराबाहेर काढायला मी येणार नाही, माझ्यानंतरचाही येणार नाही.

मामाजींनी तिथल्या तिथे मान हलवली. मला वाटलं होतं ते वाद घालतील, आजोबांचं नाव काढतील. बाहेर आल्यावर ते कडुनिंबाखाली उभे राहिले आणि डोळे पुसले. मग म्हणाले, "कान बुजला तरी थोरली थोरलीच राहीन." माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी पहिल्यांदा मला त्या बंदुकीचं वाईटही वाटलं.

कचेऱ्यांचं काम कचेऱ्यांच्या चालीनं झालं. अर्ज, तपासणी, पुन्हा अर्ज. हिवाळा संपता संपता जिल्ह्याच्या शस्त्रागारात तिचं काम करायचं ठरलं. मामाजींनी सोबत रोहिणखेडच्या मिस्त्रींना नेलं. ज्या घरातून ती दुसरी बंदूक आणली होती, त्याच घरातले ते, मामाजींच्याच वयाचे, हयातभर थोरलीचं लाकूडकाम त्यांनीच केलेलं. तिथल्या कारागिरानं नळीच्या बुडात लोखंडी गज बसवला आणि कानाच्या जागी वेल्डिंगचा ठिपका ठेवला. मिस्त्री भाई म्हणे शेवटपर्यंत तिचा दस्ता धरून उभे होते, मुलीचे कान टोचताना बाप तिला मांडीवर घेऊन बसतो तसे. हे मामाजींनीच मला सांगितलं आणि सांगताना ते हसले.

थोरली घरी आली, आपल्या खुंट्यांवर चढली. आता ती खालच्या दोघींसारखीच झाली, हे मामाजींना लागेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. उलट त्यांचीच पाठ सरळ झाली. नूतनीकरण नाही, तलाठी नाही, ठाण्याची पावती नाही. संध्याकाळी ते ओसरीवर गप्प बसायचे ते आता शेजाऱ्यांशी पत्ते खेळू लागले. माझंही लक्ष दाराच्या वर जाणं बंद झालं. पुढे पंचायतीची निवडणूक लागली, गावातले परवानेवाले चादरी काखेत मारून ठाण्याकडे निघाले, आणि मामाजी ओसरीतून त्यांना हात करत होते.

मृगात मी विचारलं, आता त्या तुकड्यातही कापूस लावायचा ना? डुकरांची गरज संपली. मामाजी म्हणाले, ज्वारीच पेरू. मी का ते विचारलं नाही. डुकरांची सवय झाली असेल, असं मनात म्हटलं.

पुन्हा घट बसले. सकाळी मामाजी स्टुलावर चढून थोरलीला खाली काढताना मला दिसले. मी पदर खोचून दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, तेलाचा बोळा फिरवला आणि मला हाक मारली. कोठीतली ज्वारी आण म्हणाले, गेल्या सालची, आपल्या शेतातली. मी सूपभर आणली. ते चिमटीनं एकेक करत नळीत ज्वारी सोडू लागले. पहिले दाणे आत टाण्‌टाण् वाजले, मग आवाज बदलत गेला. थोड्या वेळानं मीही समोर बसले आणि सोडू लागले. नळी तोंडापर्यंत भरल्यावर त्यांनी कापसाचा बोळा लावून ती बंद केली.

दसऱ्याला आम्ही सगळे धुऱ्यावर गेलो. आपट्याची पानं दिली, घेतली. सवयीनं सगळे दोन पावलं मागे सरले, हे तर कानांवर हात ठेवून. मामाजींनी थोरली खांद्याला लावली, आभाळाकडे रोखली, क्षणभर तशीच धरली. मग हळूच तिचं तोंड खाली केलं, बोळा काढला आणि ज्वारी धुऱ्यावर सांडली. अर्ध्या शिवारातल्या चिमण्या जणू वाटच बघत होत्या.

"झाला बार," मामाजी म्हणाले, आणि रिकामी थोरली त्यांनी माझ्या हातात दिली. घरापर्यंत मीच तिला खांद्यावर घेऊन आले.